उसवलेला बॅज

शर्वाणीने बाहीवरचा प्रथमोपचाराचा बॅज उसवून आणला होता. रविवारचं गाईड पथक मैदानात जमायच्या आत तिने तो कुंदाताईंच्या हातात ठेवला. त्याच्या कडेला अजून दोरे लोंबत होते.

"धाकट्याच्या हातावर उकळता चहा सांडला, ताई. आई म्हणाली, 'तुला बॅज मिळालाय ना, मग तूच बघ!' मी टूथपेस्ट फासली. डॉक्टर किती रागावले! आधी गार पाणी ओतायचं, एवढंही ठाऊक नाही का, म्हणाले."

पोस्टातली नोकरी सांभाळून कुंदाताई हौसेने पथक चालवायच्या. गावाला त्याचं केवढं कौतुक! मार्चमध्ये मेळावा तोंडावर आला, तेव्हा भाजल्यावरच्या उपचारांचा धडा राहूनच गेला होता. त्यांनी बाराही मुलींच्या नावापुढे 'उत्तीर्ण' लिहून सही ठोकली होती. मेळाव्यात सगळ्यांत जास्त बॅज त्यांच्याच पथकाला मिळाले होते.

"तुम्ही शिकवलं असणारच," शर्वाणी मान खाली घालून म्हणाली, "माझंच लक्ष नसेल."

कुंदाताईंना क्षणभर वाटलं, 'असेल' म्हणून मोकळं व्हावं.

"तू कुठून लक्ष देणार? मी शिकवलंच नव्हतं."

एव्हाना बाकीच्या मुली येऊन रांगेत उभ्या राहिल्या होत्या. अकरा बाह्यांवर अकरा बॅज.

"कात्री आणा गं कुणीतरी," कुंदाताई म्हणाल्या. "आणि बादलीभर गार पाणी."