उडी मारण्याआधी

सुरणाचं पीक निघालं की पेंटेकॉस्ट बेटावरचे तरणे पोरगे लाकडी मनोऱ्यावर चढतात आणि घोट्यांना वेली बांधून जमिनीकडे झेपावतात. त्याआधी जो तो मनातलं बोलून घेतो. वेल तुटली तर ते शेवटचंच बोलणं ठरायचं, म्हणून खालच्यांनी मधे ब्र काढायचा नाही, असा रिवाज.

यंदा आग्नेसचा मुलगा ताबी वरून पाऊण तास बोलला. "बाबा, लग्न करीन तर सेलीनशीच! विषय काढला की तुम्ही 'आधी डुकरांना खायला घाल' म्हणून मला पिटाळता. आज पिटाळा बघू!"

त्याचा बाप मोलसुल खाली गाल फुगवून गप्प उभा.

मग ताबी झेपावला. वेल ताणली गेली, केस मातीला घासले आणि पोरगं हसत उठून बसलं. आग्नेसचा जीव भांड्यात पडला.

"अहो, आता तरी हो की नाही ते सांगून टाका त्याला," ती नवऱ्याला म्हणाली.



मोलसुल दुखरे गुडघे चोळत मनोरा चढायला लागला. "सांगतो ना. पण खालून सांगितलं, तर तुम्ही दोघं मला वाक्य पुरं करू द्याल होय?"