दोन सह्या

एका पत्राला मी आठ महिने उत्तर दिलं नव्हतं. आमच्या सुयशला इथे अहमदीत भोसकून मारणाऱ्या मुलाच्या आईचं ते पत्र, वकिलामार्फत आलेलं. कुवेतच्या कोर्टाने त्याला फाशी सुनावली आहे. सोबतच्या माफीपत्रावर आम्ही दोघा आईवडिलांनी सह्या केल्या, तर ती टळू शकते.

तसा मी या कामाला अगदी लायक माणूस. फाशी ही रानटी शिक्षा आहे, हे मी इथल्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकात गेली नऊ वर्षं लिहितो आहे. पद्मजाने त्यातला एकही लेख वाचलेला नाही. बातम्या बघताना तिचं एकच मत असायचं, "असल्यांना लटकवलंच पाहिजे." तिने पत्र आलं त्याच दिवशी सही केली.

"अहो, तुमचं काय अडलंय?"

"मजकूर जरा ओबडधोबड वाटतो गं."

"सही करायचीय, छापायचा नाहीये."

"विचार करतोय."

"मग नऊ वर्षं काय करत होतात?" ती म्हणाली. मग हळू आवाजात, "मुलगा माझाही गेलाय."

काल वकिलाचा फोन आला. या महिन्याअखेर मुदत संपते. आज सकाळी रिग्गईच्या पोस्टात जाऊन मी वकिलाच्या पत्त्यावर उत्तर टाकून आलो.



पाकिटात दोघांच्याही सह्या आहेत. पद्मजाची माफीपत्रावर, माझी सोबत जोडलेल्या लेखावर.