दोन टोले

स्टेजवर गायक डॉम फरेराने गिटार गळ्यात अडकवली आणि प्रेक्षकांत बसलेल्या काशीरामने आपले ढोल वाजवणारे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले. नातीने, अक्षताने विचारलं, आजोबा, थंडी वाजतेय का. तो म्हणाला, नाही गं, साक्षीदाराला कोणी खुणा करायच्या नसतात. दिंडोशीच्या कोर्टात वीस वर्षं शिपाई म्हणून काढलेला माणूस, तो असंच बोलणार.

खटला मात्र तीस वर्षांचा होता. दहिसरच्या त्यांच्या चाळीची बेंजो पार्टी. काशीराम ढोल वाजवायचा आणि त्याचा जोडीदार नंदकिशोर बेंजो. डॉमचं सगळ्यात गाजलेलं गाणं त्यांनी गणपतीच्या मिरवणुकीसाठी बसवलं ते एका जुन्या कॅसेटवरून. मालाडच्या फुटपाथवरून काशीरामनेच ती आणली होती. कडवं संपून धून वर उसळी घेते, तिथे त्या कॅसेटमध्ये गाणं क्षणभर अडायचं आणि दोन टोले पडायचे. ठक, ठक. काशीरामने ते ढोलावर असे काही उतरवले की पोरंसोरं, बायाबापड्या सगळे त्या दोन टोल्यांवर दोन उड्या मारायला शिकले. चाळीत नवी सून आली की तिला आधी पाण्याची वेळ सांगायचे आणि मग या उड्या.

पण नंदकिशोरचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. तो पहिल्या वर्षापासून सांगत होता की टोलेबिले काही नाहीत, तुझ्या कॅसेटची पट्टी मध्येच तुटलेली आहे, कोणीतरी चिकटपट्टीने जोडलीय आणि तो जोड तिथे ठकठकतो. त्याने नवी कॅसेट आणून ऐकवली. काशीराम म्हणाला, कंपनीने कापलंय. पुढे मोबाइल आले, पार्टीतल्या पोरांनी त्यावर ऐकवलं. काशीराम म्हणाला, यांनीही कापलंय. अडेलतट्टूपणाला काही सीमा? नंदकिशोर दरवर्षी त्या जागी बेंजो थांबवायचा, कारण ढोलापुढे कोणाचं चालतंय, आणि घरी पोचेपर्यंत कुरकुरायचा.

यंदा डॉमचा शेवटचा कार्यक्रम अंधेरीच्या स्टेडियममध्ये होता. अक्षताने तिघांची तिकिटं काढली. तेव्हा काशीरामने सगळ्या पार्टीसमोर सांगून टाकलं, गाण्याच्या मालकाच्या तोंडून ऐकतो, टोले नसले तर ढोलाच्या काठ्या माळ्यावर टाकतो. नंदकिशोरने लगेच निकाल विसर्जनाच्या दिवशी माईकवरून जाहीर करायचा हक्क मागून घेतला. सोडतोय थोडाच.

आणि गात काय होता तो माणूस! चौऱ्याहत्तर वय. आयोजकांनी स्टेजवर खुर्ची ठेवली होती, तिच्यावर त्याने आपलं जाकीट टांगलं. गुडघ्याला पट्टा बांधून तासभर उभा होता. वरच्या सुरात आवाज फाटला तर लपवायचा नाही, हसायचा आणि तोच फाटका आवाज आणखी वर न्यायचा. पुढच्या रांगेतले पोट सुटलेले, टक्कल पडलेले बाप्ये पोटावर न बसणारे काळे टी-शर्ट घालून ढसाढसा रडत होते. काशीरामलाही भरून आलं. वाजवावं तर असं, त्याला वाटलं.

मग ते गाणं सुरू झालं. पहिलं कडवं संपलं. धून वर उसळली आणि कुठेही न अडता सरळ निघून गेली.

काशीरामने स्वतःची समजूत घातली. पहिल्यांदा साधंच म्हणतात, रंग नंतर भरतात. दुसरं कडवं संपलं. धून पुन्हा सरळ गेली. पण अक्षता जन्मापासून चाळीत नाचलेली पोर, तिने सवयीने दोन उड्या मारल्याच. दुसरी उडी संपेपर्यंत गाणं पुढे पळालं होतं. आजूबाजूचे वळून बघायला लागले, एक जण हसला. ती लाजून मान खाली घालून उभी राहिली. नंदकिशोर तिच्याकडे बघत राहिला.

काशीरामने पोरीची खाली गेलेली मान पाहिली. टोल्यांचं राहू दे, आपण तीस वर्षं अख्ख्या चाळीला चुकीचं नाचवलं. पोरीला चार लोकांत खाली बघायला लावलं. तिसरं कडवं संपलं तेव्हा त्याने कान टवकारलेच नाहीत. धून सरळ गेली.

गाणं थांबलं. सगळं स्टेडियम उठून ओरडत होतं. काशीरामही उठला. मांड्यांखालून हात मोकळे झाले होते, त्यांनी जीव तोडून टाळ्या वाजवल्या. डॉमवर राग कसला धरायचा? गाणं त्याचं, आणि काय गायला होता! टाळ्या ओसरल्यावर तो नंदकिशोरकडे न बघता म्हणाला, "बोल मेल्या, काय बोलायचंय ते. काठ्या उद्याच माळ्यावर टाकतो."

 नंदकिशोरने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला. एकदा अक्षताकडे पाहिलं, मग स्टेजकडे. तिथे डॉम खुर्चीच्या पाठीला धरून वाकून लोकांना नमस्कार करत होता.

"वय झालं रे डॉमचं," तो म्हणाला. "तिन्ही वेळा टोले विसरला."