क्रेनचं भाडं

झाडं तोडायचा माझा छोटासा धंदा. क्रेन सासऱ्यांची, भाड्याने घेतो. हल्ली क्रेनच्या कामाचा भाव मी सांगितला, की गिऱ्हाईक थेट मागच्या गल्लीतल्या कंत्राटदाराकडे. क्रेन तर तोही सासऱ्यांचीच नेतो! इथंच मला संशय आला. क्रेनच्या ड्रायव्हरला चहा पाजला, तेव्हा कळलं, त्या कंत्राटदाराला ती माझ्या निम्म्या भाड्यात मिळते.

तडक सासरी गेलो. "बाबा, परक्यापेक्षा जावयाला दुप्पट भाडं?"

"चिडू नका जावईबापू, वरचे पैसे मी खात नाही. पोरीच्या नावावर टाकतोय."

"कशासाठी?"

"उद्या तुमचा धंदा बुडाला तर तिला आधार नको? आणि बघा ना, महिना झाला, क्रेनचं एक काम नाही तुमच्याकडे!"