मागची काच

"अनुपभाऊ, फोटोच्या आधी ते मागचं रेडियम काढून टाका न."

योगेंद्रनं हे सहज म्हटल्यासारखं म्हटलं. अनुप तेव्हा योगेंद्रच्याच गाडीच्या पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला होता. गाडी जॅकवर होती, चाक काढून बाजूला आडवं ठेवलं होतं. योगेंद्रनं हौसेनं रुंद टायर बसवून घेतले होते आणि तेव्हापासून स्टेअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतल्या प्लास्टिकला घासायचा. घासलेली जागा खडूनं आखून अनुप ते प्लास्टिक ब्लेडनं बोटभर कापत होता.

पिपरी मेघेच्या रिकाम्या ले-आउटमध्ये रविवारी सकाळी जमायचं, आपल्या गाडीचं काम आपल्या हातानं करायचं, ज्याला जे येतं ते त्यानं दुसऱ्याला शिकवायचं, असा हा गाडीवाल्यांचा ग्रुप. आज बारा गाड्या आल्या होत्या. त्यातल्या निम्म्या लोकांना ब्रेक पॅड बदलायला अनुपनंच शिकवलं होतं. योगेंद्रचं हार्डवेअरचं दुकान होतं, आणि ग्रुपचा अ‍ॅडमिन तोच होता.

"कोनतं रेडियम?" अनुपनं मान न वळवता विचारलं.

"ते निळं."

दहा पावलांवर अनुपची जुनी पांढरी वॅगनआर उभी होती. मागच्या काचेवर निळ्या अक्षरांत 'जय भीम'. अक्षरं त्यानं घरी बसून स्वतः कापली होती. वेलांटी दोनदा फाटली, तिसऱ्यांदा जमली.

"काऊन?"

"नागपूरच्या टायरवाल्यानं फोटो मागतला आहे, जाहिरातीसाठी. तो म्हने, गाड्याइवर तसलं काई नको. मले पर्सनली काई प्रॉब्लेम नाई. तुमाले तर माहीत आहे."

"तुमच्या काचेवर गजानन महाराज आहेत. प्रफुलच्या बॉनेटवर हनुमान आहे. ते?"

"ते देव आहेत न, भाऊ."

"अन् हे?"

"हे समाजाचं झालं."

प्लास्टिकचा कापलेला तुकडा सुटून अनुपच्या हातात आला. पलीकडे प्रफुल टायरची हवा मोजत होता, तो गेज हातात धरून तसाच राहिला. एसटीतून निवृत्त झालेले नत्थूजी, ग्रुपमधले सगळ्यात वयस्क, आपल्या गाडीच्या उघड्या दारात पाय बाहेर सोडून बसले होते. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"आपल्यात असं काई नाई, अनुपभाऊ," योगेंद्र म्हणाला. "आपन एका डब्यात जेवतो."

"मंग फोटोतच काऊन आठवलं?"

"पाहा बा. नसन जमत तर गाडी तिकडं झाडाखाली लावा. तुमी या फोटोत. गाडी राहू द्या."

अनुप उभा राहिला. चाक अजून जमिनीवर पडलं होतं. प्रफुल जवळ आला आणि हळूच म्हणाला, "राहू दे असंच. लावू दे त्याचं त्याले."

"या गाडीत त्याचे लेकरं बसतात," अनुप म्हणाला.

त्यानं चाक उचलून जागेवर बसवलं. पाचही नट आधी हातानं फिरवले, मग पान्यानं एक सोडून एक आवळले. जॅक उतरवला आणि चाक जमिनीला टेकल्यावर अंगाचा भार टाकून पुन्हा एकेक नट आवळला. आत बसून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिलं. घासल्याचा आवाज आला नाही.

"झालं. शंभर किलोमीटर चालली का नट एकडाव पाहून घेजा," त्यानं सांगितलं आणि पाना योगेंद्रच्या हातात दिला.

योगेंद्रला बरं वाटलं. विषय मिटला असं समजून तो गाड्या लावायला निघाला. बाकीच्या गाड्या तोंडं समोर करून ओळीत लागल्या. फोटो काढायला रजत मोबाइल धरून समोर उभा होता.

अनुपनं वॅगनआर सुरू केली. तो झाडाखाली जाईल किंवा सरळ घरी निघून जाईल, असं सगळ्यांना वाटलं. ओळीत मधोमध एक जागा शिल्लक होती. तो समोरून आला आणि त्या जागेत नाकानं सरळ आत शिरला. अकरा गाड्यांची तोंडं मोबाइलकडे होती, याच्या गाडीची पाठ.

"भाऊ, उलटी लागली," रजत ओरडला. "तोंड इकडं पाहिजे."

अनुप खाली उतरला. फडक्याला हात पुसत तो मागच्या काचेशेजारी येऊन उभा राहिला.

"माह्या गाडीचं तोंड हेच आहे. काढ फोटो."

रजतनं योगेंद्रकडे पाहिलं. योगेंद्रचा चेहरा लाल झाला होता.

"असं असन तर मले तुमाले ग्रुपमधून काढा लागन, भाऊ."

"काढा. पन गुपचूप नोका काढू. काऊन काढलं ते ग्रुपवर लिहा, अन् मंग काढा."

"लिहितो न. मी काय भेतो का?"

योगेंद्रनं मोबाइल काढला. ग्रुप उघडला. 'अनुपभाऊंना' एवढं टाइप केलं आणि त्याचा अंगठा थांबला. पुढचा शब्द काही त्याला सापडेना. कोणी त्याच्या मदतीला आलं नाही.

नत्थूजींनी खिशातून चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसून डोळ्यांवर लावला आणि आपला मोबाइल समोर धरला.

"लिही न, योगेंद्र," ते म्हणाले. "आमी वाचून राह्यलो."