दुसरं वायफाय

धरमपेठेतल्या लतिकाकाकूंच्या फोनवर घरच्याच नावाची दोन वायफाय दिसू लागली. दुपारी त्यांनी नेटवर्कचं काम करणाऱ्या गौरांगला बोलावलं.

"यातलं एक नकली आहे, काकू. कोणीतरी तुमचे पासवर्ड चोरून राहिलं."

त्यानं राउटर बंद केला. नकली वायफाय तसंच राहिलं, पूर्ण रेंजमध्ये.

राउटर चालू करून त्यानं लॅपटॉपवर नवं नाव टाइप केलं. सेव्ह करण्याआधीच नकली वायफायचं नावही तेच झालं.

"असं काहून होऊन राहिलं रे?" काकू कुजबुजल्या.

गौरांगनं ते खोडलं. होणाऱ्या बाळासाठी त्यानं एक नाव मनात ठेवलं होतं, बायकोलाही न सांगितलेलं. तेच टाकावं म्हणून त्यानं बोट उचललं.

बोट टेकण्याआधीच ते नाव वायफायच्या यादीत आलं.