न निघालेली पाटी

दवंडीवाला मतांचा कलश घेऊन दोन माणसांच्या अंतरावर येऊन ठेपला, तरी फिलॉनच्या मेणाच्या पाटीवर अजून एक अक्षरही उमटलं नव्हतं.

फिलॉन अथेन्सच्या कुंभारवाड्याजवळ चपला शिवायचा. नाटकांच्या स्पर्धेला दहा परीक्षक लागतात, आणि ते चिठ्ठ्या टाकून निवडतात. यंदा त्यात त्याचं नाव निघालं. देवाची मर्जी. त्याच स्पर्धेत एका नाटकाचा सगळा खर्च त्याच्या मेहुण्यानं, लायकॉननं उचलला होता. तीही देवाचीच मर्जी म्हणायची. लायकॉनचा कातडी कमावण्याचा कारखाना होता. फिलॉनच्या चपलांचं कातडं तिथूनच यायचं. फिलॉनच्या मुलीसाठी स्थळही लायकॉननंच आणलं होतं.

सकाळी नाट्यगृहाच्या पायऱ्या चढताना लायकॉननं त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता.

"दाजी, शपथ देवाची घ्या. मत घरच्यांना द्या."

लायकॉनच्या नाटकात एक राजा आपल्या नशिबापासून पळत होता. तो रथातून पळाला. रथ खरा होता, घोडे खरे होते. बाकी काही खरं नव्हतं.

नंतर पॅम्फिलस नावाच्या कुणा नवख्या कवीचं नाटक झालं. त्यात रथ नव्हता. वेशीचं एक दार होतं, आणि दारामागे एक राणी. बाहेर शरण आलेली माणसं मदतीसाठी आक्रोश करत होती. दार उघडलं तर तुझा मुलगा जाईल, अशी देववाणी झालेली. आंधळा ज्योतिषी तिला म्हणाला, "कशाला विचार करतेस? तू दार उघडणार हे ठरलेलंच आहे." राणी म्हणाली, "ठरलेलं असेल. पण कडी मी काढतेय."

तेव्हा फिलॉन रडला. परीक्षक अगदी पुढे बसतात. सगळ्या गावाला त्याचे हलणारे खांदे दिसले.

आता दवंडीवाला एका माणसाच्या अंतरावर आला. दुसऱ्या रांगेतून लायकॉन बघत होता. अगदी वर, शेवटच्या रांगांमध्ये फिलॉनची बायको मेलिता बसली होती. फिलॉनच्या डोळ्यांपुढे कातडं आलं, मग मुलगी आली. त्यानं लायकॉनच्या कवीचं नाव लिहिलं आणि पाटी कलशात टाकली. पाटी हलकी होती. टप्प असा आवाज झाला.

दहा पाट्या पडल्या. रिवाजाप्रमाणे नगरप्रमुखानं हात घालून त्यातल्या पाचच काढल्या. पाचही पाट्यांवर पॅम्फिलसचं नाव होतं. उरलेल्या पाच कुणी वाचत नाही. त्यांचं मेण तिथल्या तिथे अंगठ्यानं पुसून टाकलं. पुसलेल्या पाट्यांत फिलॉननं आपली ओळखली. कोपरा तुटलेली तीच.

लायकॉन पायऱ्या उतरून आला.

"एक पण नाही, दाजी? पाचात एक पण नाही?"

"माझी निघालीच नाही रे. देवाशपथ, तुझ्याच माणसाचं नाव लिहिलं होतं."

"वा! आणि नेमकी तीच पुसली गेली." लायकॉन हसला. "अख्ख्या गावानं तुम्हाला डोळे पुसताना बघितलंय. मला येडं समजता काय?"

संध्याकाळी बाजारात पॅम्फिलस भेटला. डोक्यावर विजयाची माळ, अंगावर ठिगळाचा अंगरखा. त्यानं फिलॉनचे दोन्ही हात धरले.

"तुम्हाला काय पणाला लावावं लागलं ते कळलं मला. जन्मात विसरणार नाही."

"मी तुमचं नाव लिहिलं नव्हतं," फिलॉन म्हणाला.

पॅम्फिलसनं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "समजलो. मेहुणे जवळपास आहेत वाटतं." आणि लगबगीनं निघून गेला.

दुसऱ्या दिवशी कातडं आलं नाही. तिसऱ्या दिवशी मुलीचं ठरलेलं मोडल्याचा निरोप आला. फिलॉन दोनदा लायकॉनच्या दारात जाऊन आला, शेजाऱ्यांसमोर त्यानं शपथा घेतल्या, देवळाच्या पुजाऱ्यालाही सांगून पाहिलं. पुजारी म्हणाला, "केलंत ते चांगलं केलंत, आता नाकारता कशाला?" घरात मेलिताला खरं काय ते सांगायला त्यानं दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा ती उठून मागच्या अंगणात गेली.

चौथ्या दिवशी तिनं त्याच्यापुढे मसुराची आमटी आणि जवाची भाकरी ठेवली आणि समोर बसली.

"लायकॉन माझा भाऊ आहे," ती म्हणाली. "त्याचं तोंड उतरलेलं बघून मला वाईट वाटलं. तीन दिवस तुमच्यावर रागावले होते."

"मेलिता, ऐक—"

"मला बोलू द्या. वीस वर्षं भावानं ठरवायचं आणि तुम्ही मान डोलवायची. मला वाटायचं, आपल्या नशिबात हाच माणूस आहे, चालायचंच. त्या दिवशी मी नाटक नव्हते बघत. तुमच्याकडे बघत होते. म्हटलं, आताही हे डोलवणारच मान. नाही डोलवलीत." तिनं वस्त्राचं टोक पदरासारखं डोळ्यांना लावलं. "मुलीला दुसरं स्थळ बघू. कातडं शेजारच्या मेगारा शहरातून आणू. पण अहो, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मला वाटलं, माझा नवरा कुणीतरी आहे."

फिलॉननं तोंड उघडलं. चार दिवस तो भेटेल त्याला शपथेवर खरं सांगत आला होता आणि एकानंही विश्वास ठेवला नव्हता. मेलितानं ठेवला असता.

त्यानं भाकरी मोडली, घास तोंडात घातला आणि सावकाश चावत राहिला.